हमीदाआपा आणि मालकाचा हात

हमीदाआपा कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडं बघायची नाही, कूलरच्या पायाशी बघायची. तिथं रबरी चपलांचा जोड दिसला की तिचं अर्धं काम झालेलं असायचं.

राजुऱ्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही. कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा आणि पाणी वर चढवणारा छोटा पंप. पाणी आणि वीज एकाच पेटीत. त्या काळी, म्हणजे नव्वदच्या आसपासची वर्षं, बहुतेक घरांत त्या पेटीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यावर सगळ्या गावानं एकच उपाय काढला होता. कूलरजवळ चपलांचा एक जोड ठेवायचा आणि पाणी भरताना तो पायात घालायचा. त्या जोडाला नावच होतं, कूलरची चप्पल. देवासमोर चप्पल चालत नसे, चुलीजवळ चालत नसे, पण कूलरसमोर चालायची. पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी सांगत, "भाऊ, तिकडं जाशान तं चप्पल घालून जा बरं." कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नसतं.

मी सिन्नरकडची. सातवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला म्हणून कडेवर पोर घेऊन पार राजुऱ्याला आले. माहेराला पत्र टाकलं तर उत्तर यायला पंधरवडा लागायचा. भाषा मराठीच, पण पहिला महिनाभर मला अर्धी कळत नव्हती; तिकडं बायाही 'येतो, जातो'च म्हणायच्या. मी मुळातच भित्री. नवरा खाणीकडं गेला की मी दाराची कडी दोनदा बघायची, स्टो विझवला का तीनदा बघायची. अशा बाईला खोली मिळाली ती चौधरी गुरुजींच्या वाड्यामागच्या चाळीत. गुरुजी रिटायर झालेले, माणूस सभ्य. शेजारच्या रामटेकेबाईंनी माझं सामान बघितलं आणि विचारलं, "आपाले दाखवली का खोली?"

"कोण आपा?"

"अव माय! सामान नोको खोलू अजून. थांब, मी बोलावतो तिले."

तासाभरात एक उंच, हाडकुळी बाई सायकलवरून आली. सलवारीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, अंबाड्यात टेस्टर खोचलेला, खांद्यावर पिशवी, पिशवीतून होल्डरमध्ये अडकवलेला बल्ब डोकावत होता. त्याला दोन लांब वायरी. सलाम नाही, नमस्कार नाही. सरळ आत आली, कूलरच्या पायाशी पाहिलं. निळ्या पट्ट्यांच्या दोन चपला.

"गुरुजी," ती वळून म्हणाली, "ह्या कोणाच्या?"

"कूलरच्या होत," गुरुजी म्हणाले. "सोय म्हणून ठेवल्या."

"म्हणजे तुमाले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"करंट येते थे. माहीत नसतं तं चप्पल काऊन ठेवली असती?"

गुरुजी हसले. "थोडा थोडा तं राहतेच नं आपा. लोखंड हाये, पाणी हाये."

"थोडा थोडा," आपा म्हणाली. "मंग तुमीच घ्या नं गुरुजी थोडा थोडा. या नव्या बाईले काऊन देता?"

तिनं पिशवीतून सामान काढलं. टेस्टर लावला, तो पेटला. मग प्लग उपसून गुरुजींच्या नाकासमोर धरला. तीन पायांचा प्लग, पण वरचा जाड पाय करवतीनं कापलेला. भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं होतं, त्यात बसावा म्हणून. तो जाड पाय अर्थिंगचा असतो, पेटीत उतरलेली वीज जमिनीत नेणारा, हे मला त्या दिवशी कळलं. आपाच्या बोलण्यातला एकेक शब्द मी जीव मुठीत धरून ऐकत होते. गुरुजींना तिनं सामान आणायला लावलं. अंगणात खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, मधे पाईप, तिथून तार थेट कूलरच्या अंगाला. नवं सॉकेट, नवा प्लग. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. टेस्टर लावला, थंड. मग बल्बची एक वायर सॉकेटात आणि दुसरी कूलरच्या पत्र्याला लावली. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग वीज ओढून घेतंय. मला वाटलं झालं.

झालं नव्हतं.

"गुरुजी, चप्पल काढा. पाय वल्ले करा."

गुरुजींनी निमूटपणे पायांवर तांब्या ओतला. त्यांना ही रीत माहीत असावी.

"आता हात लावा. उलटा हात."

कूलर सुरू होता, पंखा घरघरत होता. गुरुजी धोतर आवरून ओल्या फरशीवर उभे. आपानं आधीच दोन दोन वेळा तपासलं होतं, पास असल्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नसे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी गुरुजींचा हात पत्र्यापर्यंत पोचायला चांगला वेळ लागला. आपानं घाई केली नाही. ती हाताची घडी घालून त्यांच्या बोटांकडं बघत उभी होती. ती बोटं थरथरताना बघणं हीच तिची मजुरी असावी, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

हात लागला. काही झालं नाही.

"पास," आपा म्हणाली. मग माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं. "आता खोल सामान. तुया लेकराचा हात रोजच लागन इथी. मालकाचा एक रोज तरी लागाले पाह्यजे."

जाताना कूलरची चप्पल तिनं पिशवीत टाकली. गुरुजी केविलवाणे झाले. "आपा, थे राहू दे नं. मी बनवून देल्लं नं सारं."

"बनवून देल्लं म्हून पास केलं. चप्पल तं माझीच."

त्या चपलांचं काय होतं ते मी चार दिवसांनी पाहिलं. नाक्याजवळ आपाचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, बापाकडून आलेलं. पूर्वी वाइंडिंगची बारीक तार घरातल्या पोरीच गुंडाळायच्या, तशी ती लहानपणापासून शिकली होती. नवरा हैदराबादेला गेला तो तिकडचाच झाला, त्याच्याविषयी ती एवढंच म्हणायची, "गेला. फ्यूज जाते तसा." तर त्या दुकानाच्या फळीबाहेर एक तार ताणलेली होती आणि तारेवर चपला टांगलेल्या. लाल, निळ्या, हिरव्या, झिजलेल्या, कुत्र्यानं चावलेल्या. प्रत्येक जोड कुणाच्या तरी घरचा. बाजाराला येणारी माणसं थांबून ओळखायची. "थे कंपाउंडरच्या घरची होय नं?" "नाई बा, कंपाउंडरची पिवळी हाये, थे बाजूची." घरमालक ऊन उतरल्यावर दुकानात येऊन विनवण्या करत, आपा, एवढी काढ, पोरीचं जमून राह्यलं, पाहुणे येणार हायेत. ती काढायची नाही. पाऊस लागून जोड कुजून गळून पडला तरच सुटका.

एवढा राग एका बाईत कुठून येतो, हे मी रामटेकेबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "तुले नाई माहीत? तिची बहीण गेली नं करीमसेठच्या खोलीत."

रेहाना आपाची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याबरोबर करीमसेठच्या चार खोल्यांपैकी एकीत भाड्यानं राहत होती. करीमसेठची आरा मशीन होती, सागवानाचा धंदा, शिवाय या खोल्या. एका दुपारी रेहाना नमाजासाठी वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन आली. हातपाय ओले. वजू झालेली बाई कूलरची चप्पल कशाला घालेल? वारं जानमाजवर, नमाजाच्या चटईवर यावं म्हणून तिनं कूलर जरासा ओढला. तेवढंच.

नवरा कामावर होता. पहिला पोचला तो करीमसेठ, कारण तो समोरच राहायचा. लोक जमेपर्यंत त्यानं प्लग काढला, कूलर आपल्या माणसांकडून उचलून गोदामात नेला आणि दारात येऊन रडत सांगायला लागला, पोरगी दिल का दौरा पडून गेली. जवान पोरीला कसला दौरा, असं मनात सगळ्यांच्या आलं, तोंडावर कुणी आणलं नाही. तो वजनदार माणूस, मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची मुलं त्याच्या मशीनवर कामाला. आपा धावत गेली तेव्हा बहिणीला चादर घातलेली होती. आपानं सवयीनं खिडकीकडं पाहिलं. खिडकीखाली फरशीवर ओला चौकोन होता, कूलर होता तेवढा. आणि त्या रिकाम्या चौकोनासमोर चपलांचा कोरा जोड व्यवस्थित मांडून ठेवलेला. कूलर न्यायची आठवण झाली होती, चपला राहिल्या होत्या.

आणि मयतीला खांदा द्यायला करीमसेठ सगळ्यांत पुढं.

पोलीस आले नाहीत, कुणी बोलावले नाहीत. रेहानाच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि तो वर्धेला गेला. शहाण्या माणसांनी आपाला समजावलं, जाने दे बेटी, अल्ला की मर्जी.

ही गोष्ट आपानं मला स्वतः एकदाच सांगितली, आणि तीही पंपाची तार गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता. मी विचारलं होतं, "तुम्हाला त्याच्याकडून काय पाहिजे आपा?"

"काईच नाई. पैसा नाई, जेल नाई. चार माणसात त्यानं म्हणाव, मले माहीत होतं. बस." तार तुटली. तिनं ती दातानं सोलून परत जोडली. "आणि थो म्हणन तवर त्याच्या खोलीत कोणी राहाले जाणार नाई. हे मी पाहून घेतो."

ते तिनं पाहून घेतलं. खोली शोधणारा कुणीही, खाणीतला बाबू असो की बदलीवर आलेली नर्स, दुसऱ्या दिवसापर्यंत आपा त्याच्या समोर उभी असायची. करीमसेठच्या खोल्यांचं नाव निघालं की ती एवढंच म्हणायची, "माझी बहीण थ्याच खोलीत गेली. पाहून घ्या." पुढं काही नाही. माणूस वळायचाच. खोल्या रिकाम्या पडल्या. आणि त्या एका माणसाच्या मागं लागता लागता ती सगळ्या गावच्या घरांच्या मागं लागली. भाड्याच्याच नाही, मालकीच्या घरांतही शिरायची. बोलावलं तर जायचीच, न बोलावताही जायची.

मालकीच्या घरात मालकाचा हात म्हणजे कुणाचा, असा प्रश्न एकदा आलाच. बामनवाड्याच्या एका मोठ्या घरात मोटर दुरुस्तीला गेली असताना तिला कूलरजवळ चपला दिसल्या. चपला लहान, बाईच्या पायाच्या. आपानं विचारलं, "कूलरमध्ये पाणी कोण भरते?"

"सून भरते," सासू म्हणाली.

"मंग तुमीच या माय. पाय वल्ले करा."

"मी काऊन? मी नाई लावत हात. सूनच लावते नं रोज!"

"थेच तं म्हणून राह्यली मी. सून रोज लावते. तुमी एक खेप लावा."

सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या आणि काही केल्या उतरेनात. सून पदराआड हसत होती. शेवटी सासरे ओरडले आणि त्याच दुपारी अर्थिंगचा खड्डा खणायला माणूस आला. काम झाल्यावर म्हातारीचा हात लावूनच आपा उठली. तिथून निघताना तिला चहा दिला, तिनं घेतला नाही. कोणत्याही मालकाच्या घरी ती बसायची नाही, पाण्याचा घोटही घ्यायची नाही. आमच्याकडं मात्र, भाडेकरूंकडं, उंबऱ्यावर बसून दोन दोन कप प्यायची.

माझ्यावर तिचे उपकार केवढे ते सांगते. दुसऱ्या उन्हाळ्यात मी कपडे वाळत घालत होते. माझी पोर, तीन वर्षांची, बादलीत खेळून नखशिखांत ओली, तशीच आत गेली आणि कूलरला मिठी मारून उभी राहिली. तिला गार पत्रा आवडायचा. त्याच वेळी आतून फट् असा आवाज आला, जळका वास आला आणि पंखा थांबला. मी किंचाळत धावले. पोर हसत होती. "आई, पंखा झोपला."

आपा आली. पंप उघडला. आतली तार जळून वितळली होती, नागडी तार लोखंडाला टेकलेली. वीज पत्र्यात उतरली होती, पण अर्थिंगनं ती जमिनीत ओढली आणि फ्यूज उडाला. आपानं मला तो काळा पंप दाखवला आणि म्हणाली, "आधीचं सॉकेट राह्यलं असतं तं..." मी तिचे पाय धरायला वाकले, तर ती दोन पावलं मागं सरली.

"पाय नोको धरू. दुसऱ्याच्या घरी गेली का चप्पल पाहत जा."

तेव्हापासून मी कुणाच्या बारशाला गेले, पूजेला गेले, तर पाळण्याआधी कूलरच्या पायाशी बघायची. दिसली चप्पल की आपाला सांगायची. आम्ही बऱ्याच बाया तसं करत होतो. घरमालक आम्हाला आपाच्या पोलीस म्हणायचे. आम्हाला ते आवडायचं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला एरवी कोण घाबरतं?

अशी वर्षांमागून वर्षं गेली. करीमसेठच्या खोल्यांच्या कड्यांवर गंज चढला. धंदा उतरला होता, सागवानाचे परवाने कडक झाले होते आणि त्याला आता भाड्याची गरज पडली. त्यानं चंद्रपूरहून लायसनवाला माणूस आणून चारही खोल्यांची वायरिंग नव्यानं करून घेतली. पांढऱ्या पट्ट्या, नवे बोर्ड, प्रत्येक खोलीला अर्थिंग. काम पास असल्याचा त्याचा कागद फ्रेम करून व्हरांड्यात लावला. तरी कुणी येईना. विचारायला येणारा पहिलं विचारायचा, "आपानं पास केली का?"

शेवटी त्यानं वडीलधाऱ्यांच्या हातून आपाला निरोप धाडला, खोल्या तपासून दे.

आम्हाला वाटलं ती थुंकेल. ती म्हणाली, "येतो मी. जुम्म्याच्या नमाजानंतर. सारे घरी राहतात तवा."

त्या दिवशी तिनं रामटेकेबाईंना आणि मला बरोबर घेतलं. "साक्षीदार पाह्यजेत," एवढंच म्हणाली. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आपाचं तोंड त्या दिवशी मला बरं दिसत नव्हतं. मी वाटेत रामटेकेबाईंच्या कानात म्हटलं, "बाई, ती त्याला काही करणार तर नाही ना?" बाई म्हणाल्या, "केलं तं केलं. तू तांब्या धर."

गल्ली भरली होती. नमाजाहून परतलेले पुरुष, दारांतून बाया, भिंतीवर पोरं. रेहानाच्याच खोलीत नवा कूलर खिडकीत मांडला होता. चप्पल कुठंच नव्हती. करीमसेठ पांढऱ्या कुर्त्यात दारात उभा, दाढी आता पिकलेली. आपा त्याच्याशी बोलली नाही. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

असं ती कधी करत नसे. तपासणी नेहमी सगळ्यांसमोर व्हायची, टेस्टर पेटला की विझला हे पोरासोरांनाही दिसायचं. आज आत काय चाललंय कुणाला कळेना. पेचकसानं स्क्रू फिरवल्याचा आवाज आला. पिशवीचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कूलरचा पंखा बंद होता, प्लग मात्र सॉकेटात होता. आपानं टेस्टर अंबाड्यात खोचला.

"सेठ, चप्पल काढ. पाय वल्ले कर."

माझ्याकडं बघून तिनं खूण केली. करीमसेठ आत कूलरसमोर येऊन उभा राहिला. मी पुढं झाले, त्याच्या पायांवर तांब्या ओतला. निम्मं पाणी त्याच्या पायजम्यावर सांडलं.

"लाव हात."

करीमसेठनं विचारलं, "पास है ना?"

आपानं पिशवीचा बंद आवळला.

"हमीदा, पास है के नहीं, बोल तो सही."

"हात लाव. समजते."

ती दोघं एरवी हिंदीत बोलली असती. आपा मुद्दाम मराठीत बोलत होती, गल्लीतल्या एकूण एक माणसाला कळावं म्हणून. करीमसेठ कूलरकडं बघत होता, मग तिच्या तोंडाकडं, मग फरशीवरच्या पाण्याकडं. त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं हात उचलला, अर्ध्यावर नेला आणि मागं घेतला.

"तू पहले बता देती है सब को," तो म्हणाला. "सब को बताती है, पास, फिर हाथ लगवाती है."

"हो. साऱ्याइले सांगतो."

"फिर मेरे कूं काऊन नहीं?"

"रेहानाले कोणी सांगतलं होतं?"

कुणीतरी वडीलधारं माणूस पुढं येऊन म्हणायला लागलं, "हमीदा, ये ठीक नहीं..." आपानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "तुमी लावता का चाचा, याच्या बदल्यात?" चाचा मागं सरले.

करीमसेठ त्या ओल्या फरशीवर उभा होता. त्याला तिथून बाजूला होता येत होतं. कुणी धरलं नव्हतं. पण हात न लावता बाजूला झाला तर आपल्याच खोलीवर आपलाच भरवसा नाही हे सगळ्यांसमोर कबूल होणार, आणि लावावा तर समोर रेहानाची बहीण. तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"मालूम था," तो म्हणाला.

"काय मालूम होतं? मराठीत सांग सेठ. रामटेकेबाईले समजाले पाह्यजे."

"मले माहीत होतं. त्या कूलरले करंट होता. आधीचा भाडेकरू सांगून गेला होता. मीच बाजारातून चप्पल आणून ठेवली होती." त्यानं कुर्त्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "कूलर मीच उचलला. दौरा नव्हता."

मला वाटलं आता आपाही रडेल. तिनं आपले पाय त्याच ओल्या फरशीवर ठेवले, बटन दाबून कूलर सुरू केला आणि दोन्ही तळहात पत्र्यावर सपाट टेकले. गल्लीतून "या अल्ला" असा एकच आवाज उठला. काही झालं नाही. पंखा घरघरत राहिला, तिची ओढणी वाऱ्यावर उडत राहिली.

"वायरिंग पास हाये," ती म्हणाली. "चांगलं काम केलं चंद्रपूरवाल्यानं. सेठ नापास हाये."

आणि पिशवी उचलून चालती झाली.

पुढं बऱ्याच जणांनी तिला समजावलं. माणसानं सगळ्यांसमोर कबूल केलं, रडला, आता खोल्या लागू दे. तूच म्हणाली होतीस नं, एवढंच पाहिजे म्हणून. ती म्हणायची, "म्हणलं होतं. आता नाई म्हणत. थो म्हणला आणि मले समजलं, एवढ्यानं नाई भागत." मला कुणी विचारलं तर मीही सांगते, तिनं माफ केलं नाही ते बरोबर केलं. ज्यानं चपला विकत आणल्या त्याला सॉकेट विकत आणता आलं असतं. माझी पोर त्या पत्र्याला मिठी मारून हसत होती, तो आवाज माझ्या कानात आहे. आपाच्या कानात रेहानाचा तसा आवाज राहिला नाही. त्याचा हिशोब रडून मिटत नाही.

पुढच्या साली माझ्या नवऱ्याला कुरखेड्याच्या एका राईस मिलच्या ट्रकवर काम मिळालं आणि आम्ही राजुरा सोडलं. निघताना मी आपाच्या दुकानात गेले होते, दुकान बंद होतं. कुठंतरी कामाला गेली असेल म्हणून रामटेकेबाईंकडं निरोप ठेवला आणि दिवेलागणीच्या एस.टी.त बसलो. गाडी वळून करीमसेठच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, समोर बैलगाडी आडवी आली होती म्हणून.

तिथून त्या चार खोल्या दिसत होत्या. करीमसेठनं आता त्यांत लाकूड भरलं होतं, खिडक्यांतून फळ्यांची टोकं बाहेर आली होती. आजूबाजूच्या घरांत बल्ब लागले होते, कुठं रेडिओ चालू होता, कुणी पोराला हाक मारत होतं. त्या चार खिडक्या तेवढ्या काळ्या. आणि रस्त्याच्या पलीकडं, सायकल टेकवून, हमीदाआपा उभी होती. पेरू खात होती. अगदी सावकाश, बिया थुंकत, सिनेमा सुरू व्हायची वाट बघणारं माणूस जसं निवांत उभं राहतं तशी. एकेका खिडकीकडं आळीपाळीनं बघत होती, कुठं उजेड लागतो का म्हणून.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाक मारली, "आपा!"

तिनं मान वळवली नाही. बैलगाडी सरकली, ड्रायव्हरनं गिअर टाकला. माझा हात बराच वेळ बाहेर होता.